बोलणे मुलापुरते: विभक्त झाल्यानंतर संवादाची चौकट घडवताना

आमच्या घटस्फोटाच्या कागदांत मुलाचा ताबा कोणाकडे, भेटीचे दिवस कोणते, सुट्ट्या कशा वाटायच्या आणि खर्चाचा कोणता भाग कोणी उचलायचा हे सगळे नमूद केलेले होते. आम्ही दोघांनी एकमेकांशी कधी, कशावर आणि किती बोलायचे, याबद्दल मात्र त्यांत एक ओळही नव्हती. मूल चार वर्षांचे असेल तर आईवडिलांना पुढची चौदा-पंधरा वर्षे सतत बोलावेच लागते. औषध, शाळा, झोप, ताप, वाढलेल्या पायांना लागणारे नवे बूट, भीतीदायक स्वप्ने, असे रोज काहीतरी असतेच. ज्याच्याशी बोलणे अशक्य झाले म्हणून आपण वेगळे झालो त्याच्याशीच इतके बोलायचे कसे, हा प्रश्न कागदांवर सह्या झाल्यानंतर माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी शोधावे लागले.

सुरुवातीच्या काळात मुलाच्या वडिलांचे मेसेज कोणत्याही वेळी येत. सकाळी मुलाला तयार करताना, कामाच्या मध्यावर, रात्री उशिरा. काही एका ओळीचे असत, काही दोन-तीन पडदे भरतील एवढे लांब, आणि काही वेळा मोठाले व्हॉइस मेसेज येत, जे पूर्ण ऐकल्याशिवाय त्यात मुलाबद्दलची गोष्ट कुठे आहे हे कळत नसे. त्रास नुसत्या संख्येचा नव्हता. मुलाच्या नावाने दार उघडायचे आणि आत आमच्या लग्नाची जुनी भांडणे शिरायची, याचा होता. मुलाबद्दल काही असेल म्हणून मी प्रत्येक मेसेज तत्काळ उघडत असे, आणि उघडल्यावर तो दिवस माझा राहत नसे. फोन वाजला की आमचा मुलगा खेळ थांबवून माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला, तेव्हा मात्र हे असेच चालू ठेवायचे नाही असे मी ठरवले. चार वर्षांच्या मुलाला मेसेज वाचता येत नाही, पण आईच्या चेहऱ्यावर काय उमटले ते त्याला नेमके वाचता येते.

मी ज्या समुपदेशक बाईंकडे जात होते त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, विभक्त झालेल्या प्रत्येक जोडप्याला मित्रासारखे सहपालकत्व जमते असे नाही, आणि ते जमलेच पाहिजे असेही नाही. मानसशास्त्रज्ञ एलेनॉर मॅकोबी आणि कायद्याचे अभ्यासक रॉबर्ट म्नूकिन यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील घटस्फोटित कुटुंबांचा मोठा अभ्यास केला होता. त्यात पालकांच्या वागण्याच्या प्रामुख्याने तीन तऱ्हा दिसल्या: परस्परांशी सल्लामसलत करणारे, सतत भांडणारे, आणि एकमेकांशी फारसा संबंध न ठेवता आपापल्या घरी मुलाला वाढवणारे. या तिसऱ्या तऱ्हेचे पालक अपवादात्मक नव्हते, पुष्कळ होते. हे ऐकून मला मोठा दिलासा मिळाला. चांगली आई व्हायचे तर त्याच्याशी मैत्री टिकवावी लागेल, असे मी मनाशी धरून चालले होते, आणि त्या समजुतीपायी प्रत्येक लांब मेसेजला तितकेच लांब, समजूत घालणारे उत्तर देत होते. समांतर पालकत्व हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. दोन घरे, दोन पद्धती, आणि मध्ये फक्त आवश्यक तेवढी, स्पष्ट माहितीची देवाणघेवाण. जिथे भांडण तीव्र आहे तिथे संपर्क कमी ठेवल्याने मुलाच्या वाट्याला येणारे भांडणही कमी होते, हा त्यामागचा विचार आहे.

नियम ठरवण्यापूर्वी बाईंनी मला एक काम दिले, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत उपयोगी काम तेच ठरले. मागच्या काही आठवड्यांतले त्याचे सगळे मेसेज काढून, प्रत्येकातल्या वाक्यावाक्याला खूण करायची: हे मुलाबद्दल आहे, हे पैशांबद्दल आहे, की हे आमच्या दोघांबद्दल आहे. मेसेजला खूण करायची नाही, वाक्याला करायची, यावर त्यांचा भर होता. मी तसे केले तेव्हा दिसले की निव्वळ भांडणाचा असा मेसेज जवळजवळ नव्हताच. बहुतेकांत तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या होत्या. उदाहरणार्थ, “उद्या सहाऐवजी साडेसातला सोडेन त्याला. तुला अर्थात चालणार नाही, तू तर आपलं लग्नसुद्धा घड्याळावरच चालवलंस.” यात पहिले वाक्य मुलाचे आहे आणि दुसरे आमच्या लग्नाचे. आजवर मी उत्तर देत होते ते नेहमी दुसऱ्या वाक्याला. पहिले वाक्य, ज्याला खरोखर उत्तर हवे होते, ते बाजूला पडत असे, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा किती वाजता येणार हेच दोघांना नीट ठाऊक नसे.

एकदा ही वाक्ये वेगळी दिसू लागल्यावर मर्यादा कुठे आखायची हे आपोआप स्पष्ट झाले. मुलाच्या वाक्याला उत्तर द्यायचे, पैशाच्या वाक्याला वेगळ्या ठिकाणी द्यायचे, आणि तिसऱ्या प्रकारच्या वाक्याला उत्तरच द्यायचे नाही. ते खोटे ठरवायचे नाही, त्यावर नाराजी दाखवायची नाही, “हे विषय काढू नकोस” असेही दर वेळी म्हणायचे नाही, कारण तसे म्हणणे हेसुद्धा त्या विषयावर बोलणेच असते. वरच्या मेसेजला माझे उत्तर झाले: “साडेसात चालेल. त्याला भूक लागेल, तेव्हा निघण्यापूर्वी खायला दे.” एवढेच.

हे लिहायला सोपे आहे आणि करायला फार अवघड. खोट्या आरोपाला उत्तर न देता तो तसाच पडद्यावर राहू देणे, ही गोष्ट अंगावर येते. आपण गप्प राहिलो म्हणजे मान्य केले असे होईल, अशी भीती वाटते. मला या भीतीतून बाहेर काढले ते एका साध्या विचाराने: आमच्यात कोण बरोबर होते याचा निकाल देणारे त्या मेसेजच्या पलीकडे कोणीही बसलेले नाही. जो निकाल कोणी देणारच नाही, त्यासाठी युक्तिवाद कोणापुढे करायचा? ज्या आरोपाचा परिणाम मुलाच्या ताब्यावर किंवा सुरक्षिततेवर होऊ शकतो तो मात्र वेगळा. त्याला एकदाच, वस्तुस्थिती सांगणारे उत्तर लेखी द्यावे, आणि गरज पडल्यास वकिलांच्या सल्ल्याने द्यावे.

त्यानंतर मी त्याला एक लहानसे पत्र लिहिले. त्याचे अनेक खर्डे झाले, आणि प्रत्येक खर्ड्यात मी त्यातून “तू” काढत गेले. “तू रात्री मेसेज करायचे नाहीस” हे वाक्य मला पाळून घेता येणार नव्हते, कारण त्याच्या हातातला फोन माझ्या ताब्यात नाही. “रात्री नऊनंतर आलेले मेसेज मी सकाळी वाचीन” हे वाक्य मात्र पूर्णपणे माझ्या हातात होते. मर्यादा म्हणजे समोरच्याने कसे वागावे याचा हुकूम नसतो. त्याने काहीही केले तरी मी काय करीन याचे निवेदन असते. हा फरक नीट कळला नाही तर दुसरा माणूस नियम मोडतो आहे याची पहारेदारी करण्यातच आयुष्य जाते, आणि भांडणाला एक नवा विषय मिळतो.

पत्रात मी लिहिले की मुलासंबंधीचे रोजचे बोलणे ईमेलवर ठेवू आणि एका मेलमध्ये एकच विषय असेल; खर्चाच्या पावत्यांसाठी वेगळा मेल असेल; मी चोवीस तासांच्या आत उत्तर देईन. फोन कॉल फक्त तातडीसाठी, आणि तातडी म्हणजे काय हेही लिहिले: मुलाला झालेली दुखापत किंवा अचानक बिघडलेली तब्येत, तो हरवणे, त्याला घ्यायला किंवा सोडायला त्याच दिवशी होणारा उशीर, आणि डॉक्टरांना लगेच द्यावी लागणारी संमती. तातडीची ही व्याख्या लिहून ठेवणे मला आता सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ती नसली तर एकाला प्रत्येक गोष्ट तातडीची वाटते, दुसऱ्याला कोणतीच वाटत नाही, आणि खरी तातडी येते तेव्हा फोन उचलला जात नाही. तो फोन करील तर मी उचलीनच, आणि विषय तातडीचा नसेल तर “हे मेल कर, मी उत्तर देते” असे म्हणून ठेवीन, हेही मी स्पष्ट केले. शेवटी, मुलाला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वडिलांशी बोलता येईल आणि त्या कॉलमध्ये मी असणार नाही, असे लिहिले. यावर तुझ्या सूचना असतील तर त्या कळव, असेही लिहिले, कारण सांगणे आणि फर्मावणे यांतला फरक त्याच्याही लक्षात यावा असे मला वाटत होते.

पत्रानंतर शांतता होईल अशी माझी अपेक्षा होती. झाले उलटे. मेसेजची संख्या वाढली, कॉल वाढले, माझ्या आईला फोन गेले, “मुलापासून तोडायचा डाव आहे” असे कळवले गेले. समुपदेशक बाईंनी याची पूर्वसूचना दिली होती म्हणूनच मी टिकले. वर्तनशास्त्रात ही गोष्ट चांगली माहीत आहे: ज्या वागण्याला आजवर प्रतिसाद मिळत आला, त्याचा प्रतिसाद अचानक थांबला की ते वागणे कमी होण्यापूर्वी अनेकदा काही काळ वाढते. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेली दुसरी गोष्ट तर माझ्यासाठी अधिकच नेमकी होती. दर वेळी फळ मिळणारे वर्तन फळ थांबल्यावर लवकर विझते. कधी मिळते, कधी मिळत नाही अशा अनियमित फळावर पोसलेले वर्तन मात्र फार चिवट असते. म्हणजे मी नऊ वेळा गप्प राहून दहाव्या वेळी रात्री अकराला चिडून उत्तर दिले, तर दहा वेळा प्रयत्न करावा लागतो एवढेच मी त्याला शिकवणार. यात तो वाईट माणूस आहे असा अर्थ नाही. कोणत्याही माणसाचे मन असेच चालते, आणि माझेही तसेच चालते. त्याच्या एखाद्या चांगल्या मेसेजच्या आशेने मीही फोन पुन्हा पुन्हा पाहत होतेच.

ती वाढ ओसरायला वेळ लागला, आणि त्या काळात मी उत्तरे लिहिण्याची एक पद्धत बसवली. बिल एडी हे अमेरिकी वकील आणि मध्यस्थ तीव्र संघर्षातल्या लोकांबरोबर काम करतात. त्यांनी उत्तरासाठी चार कसोट्या सुचवल्या आहेत. उत्तर थोडक्यात असावे, माहिती देणारे असावे, स्नेहपूर्ण असावे आणि ठाम असावे. यातली तिसरी कसोटी लोक सहज सोडून देतात असे मला वाटते. कोरडे, तुटक उत्तर म्हणजे मर्यादा, असा समज होतो. पण तुटकपणातही राग ऐकू जातोच आणि त्याला उत्तर यायला लागते. “कळवल्याबद्दल धन्यवाद” किंवा “प्रवास नीट होवो” एवढ्या शब्दांनी काही कमी होत नाही. एकदा मेल आला: “त्याचा खोकला अजून गेला नाही. तुझ्या घरी कुणाचं लक्ष असतं का?” त्यावर मी लिहिले: “मंगळवारपासून खोकला आहे, ताप नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध सकाळ-संध्याकाळ चालू आहे. बाटली आणि किती द्यायचं ती चिठ्ठी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. तुझ्याकडे असताना ताप आला तर लगेच फोन कर.” त्याला खरोखर काळजी होती, आणि त्या काळजीला पूर्ण उत्तर मिळाले. टोमण्याला मिळाले नाही.

राग आलेला असताना उत्तर लिहायचे नाही, हा नियम सगळेच सांगतात. त्यामागचे कारण कळले की तो पाळणे सोपे जाते. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांनी दाखवले आहे की भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून विचार करण्याची क्षमता घसरते, आणि शरीर पूर्ववत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात. तेही त्या काळात मनातल्या मनात भांडण चालू नसेल तर. लेखी संवादाचा मोठा फायदा हा की ती वीस मिनिटे कोणाचीही परवानगी न मागता घेता येतात.

मुलाच्या कॉलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मर्यादा आखताना सर्वांत मोठा धोका हा असतो की आपल्या दोघांमधले दार लावताना मुलाचे दारही अर्धवट लागते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील नववे कलम सांगते की आईवडिलांपैकी एकापासून वेगळे राहणाऱ्या मुलाला दोघांशीही नियमित आणि प्रत्यक्ष संबंध ठेवण्याचा हक्क आहे, जोपर्यंत ते त्याच्या हिताविरुद्ध नसेल. तो हक्क मुलाचा आहे, वडिलांचा माझ्याविरुद्धचा नव्हे आणि माझा वडिलांविरुद्धचाही नव्हे, असे मी त्याकडे पाहू लागले. म्हणून संध्याकाळचा कॉल मी कधीही बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरला नाही. त्या दिवशी मेलवर कितीही कडू बोलणे झालेले असो, ठरलेल्या वेळी टॅबलेट मुलाच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात जात असे. आवाज येईल इतकी जवळ, पण पडद्यावर दिसणार नाही इतकी दूर. लहान मूल फोनवर फार वेळ बोलत नाही. दोन-चार मिनिटांत ते खेळणे दाखवून पळून जाते. वडिलांना हे तोडल्यासारखे वाटत असे. त्यावर वाद घालण्यापेक्षा त्यांनी कॉलवर एखादे चित्रांचे पुस्तक वाचून दाखवावे असे मी सुचवले, आणि ते त्यांना जमले, आवडलेही. आमच्यात फार थोड्या गोष्टी इतक्या सहज सुटल्या.

मुलाला निरोप्या करायचे नाही, हे दोघांनाही पटवून घ्यावे लागले. “बाबाला सांग बूट आण” हे वाक्य किती निरुपद्रवी वाटते. पण क्रिस्टी ब्यूकॅनन, एलेनॉर मॅकोबी आणि सॅनफर्ड डॉर्नबुश यांनी १९९१ मध्ये घटस्फोटित पालकांच्या किशोरवयीन मुलांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आईवडिलांच्या कात्रीत सापडल्याची भावना असलेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. पालकांमध्ये संघर्ष अधिक आणि सहकार्य कमी असेल तिथे ही भावना बळावत होती. निरोप पोहोचवायला लावणे आणि दुसऱ्या घरातल्या गोष्टी विचारणे, ही त्या कात्रीत सापडण्याचीच रूपे आहेत. चार वर्षांचे मूल निरोप विसरते, आणि बूट आले नाहीत तर ती आपली चूक आहे असे समजते. मग बूट हवे असतील तर मी मेल लिहू लागले, मापासकट. तिकडून आल्यावर मी “मजा आली का?” एवढेच विचारते, आणि तो सांगेल तेवढे ऐकते. कोण आले होते, कुठे गेलात, काय बोलणे झाले, असे खोदत नाही. हे मला सर्वांत जड गेले, हे मोकळेपणाने सांगते.

सोडण्या-घेण्याच्या वेळा हा आणखी एक नाजूक भाग. दारात उभे राहून दोन मिनिटे बोलायचे म्हटले की तेवढ्यात सगळे बाहेर पडते, आणि मूल मध्ये उभे असते. आम्ही शक्य तितक्या वेळा बदल शाळेच्या दारात ठेवला: सकाळी एकाने सोडायचे, दुपारी दुसऱ्याने न्यायचे. सुट्टीत ते जमत नाही, तेव्हा दारात फक्त नमस्कार आणि बॅग. सांगण्यासारखे असेल ते आधीच मेलवर गेलेले असते. माझ्या आईलाही मी विनंती केली की त्याचा फोन आला तर त्याची विचारपूस कर, पण आमच्या बाबतीतले काही असेल तर ते मला मेल करायला सांग. ती त्याच्यावर माया करते, आणि ते नाते तोडायला मी तिला सांगितलेले नाही. तिने मध्ये उभे राहू नये एवढेच मागितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मी लिहिते आहे ते दोन रागावलेल्या, दुखावलेल्या, पण एकमेकांपासून धोका नसलेल्या माणसांबद्दल. जिथे मारहाण, धमक्या, पाळत ठेवणे किंवा मुलाला इजा होण्याची भीती आहे, तिथे नम्र मेल आणि ठरलेल्या वेळा पुरेशा नसतात, आणि “सौजन्याने वाग” हा सल्ला तिथे घातकही ठरू शकतो. तिथे वकील, न्यायालयाचे संरक्षण आणि तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखालील भेटी यांची गरज असते, आणि ती मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

मर्यादेची दुसरी बाजू अशी की ती मलाही लागू झाली. त्याच्या घरी मुलगा किती वाजता झोपतो, किती वेळ टीव्ही पाहतो, याबद्दल बोलण्याचा माझा अधिकार मी स्वतःच आकसून घेतला. आरोग्य, सुरक्षितता आणि शाळा हे तीन विषय दोघांचे. बाकी ज्याच्या घरी मूल असेल त्याचे. सुरुवातीला दोन घरांतल्या दोन पद्धतींमुळे मूल गोंधळेल असे मला वाटे. “बाबाकडे उशिरापर्यंत जागू देतात” असे त्याने म्हटल्यावर “हो, तिथे तसं असतं, इथे असं असतं” एवढे मी शांतपणे म्हणत गेले, आणि त्याने ते स्वीकारले. शाळेत चालते ते घरी चालत नाही हे मुलांना समजतेच. तसेच हेही समजते. जे त्याला अस्वस्थ करते ते वेळेतला फरक नव्हे, तर त्या फरकावरून आमच्या आवाजात येणारी धार.

दर काही महिन्यांनी आम्ही ही चौकट मेलवरच तपासून पाहतो, कारण मूल वाढते तसे विषय बदलतात. कोणाच्या आयुष्यात नवे माणूस आले तर मुलाशी ओळख करून देण्यापूर्वी दुसऱ्याला कळवायचे, परवानगी मागायची नाही, एवढे ठरले आहे. पोहण्याचा वर्ग लावण्यावरून मतभेद झाला तेव्हा तीन मेलमध्ये निर्णय झाला. आमच्या लग्नात एवढ्या विषयाला एक रात्र लागली असती. आता मुलगा अक्षरे जुळवून वाचू लागला आहे. परवा त्याने माझ्या फोनवर आलेल्या मेलच्या सूचनेतले स्वतःचे नाव मोठ्याने वाचले आणि पुढचे शब्द लावू लागला. मी त्याच दिवशी पडद्यावर मजकूर दिसण्याची सोय बंद केली आणि त्याच्या वडिलांना कळवले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले: त्यांनीही बंद केली आहे, आणि यापुढे मेलच्या विषयाच्या ओळीत मुलाचे नाव न लिहिता फक्त “शाळा”, “औषध”, “खर्च” असे लिहू. मी “चालेल, धन्यवाद” असे उत्तर दिले आणि लगेच पुढचा मेल त्या पद्धतीने लिहिला.